सारखा दिसला म्हणून चोरीचा ठरवला: तक्रार समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य, तक्रार समिती
(नाशिकच्या ज्या संघटनेच्या प्रदर्शनातून एका बचत गटाचा स्टॉल काढून टाकला गेला, ती संघटना)

सप्रेम नमस्कार.

दिंडोरी तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या बेदाण्याचा लोगो मी केलेला आहे. त्या लोगोवर आपण ‘नक्कल’ असा शेरा मारलात, गटाचा स्टॉल रद्द केलात आणि निर्णयाचा कागद सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात. तिथून तो शहरभर फिरला. हा निर्णय मला मान्य नाही आणि गप्प बसले तर तो मान्य केल्यासारखं होईल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

संघटनेचं, गटाचं किंवा तक्रार करणाऱ्या व्यापाऱ्यांचं नाव मी लिहिलेलं नाही. तक्रारदारांशी माझं वैर नाही. आपला मार्का कोणी उचलला असं वाटल्यावर तक्रार करायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. माझं भांडण आपण ती तक्रार ज्या रीतीने निकालात काढलीत, त्या रीतीशी आहे.

मी नाशिकमध्ये लोगो, पाउच, खोकी आणि दुकानांच्या पाट्यांचं डिझाइन करते. आपल्यापैकी काहींच्या मालावरची अक्षरंही माझ्याच हातची आहेत. माझ्या कामात ‘नक्कल’ हा शब्द सराफ बाजारातल्या कारागिराला ‘भेसळ’ हा शब्द लागावा तसा लागतो. आपला कागद फिरल्यापासून जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, “आमचा लोगो तरी स्वतःचा आहे ना?” गटातल्या बायकांना याहून जास्त सोसावं लागलं, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी दोन्ही लोगो कसे आहेत ते सांगायला हवं, कारण निर्णय वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पूर्ण पाहिलेले नाहीत.

तक्रारदारांचा लोगो जुना आहे. गोलात द्राक्षांचा हिरवा घड, अगदी खऱ्यासारखा रंगवलेला. प्रत्येक मण्यावर उजेडाचा पांढरा ठिपका, उजवीकडे शिरा दाखवलेलं पान, वर वेलीचा नागमोडी तंतू आणि खाली सोनेरी अक्षरांत घराण्याचं नाव. बचत गटाचा लोगोही गोलात आहे, त्यातही घड आहे आणि त्याचंही पान उजवीकडे आहे. पण हा घड सपाट आहे. चार, तीन, दोन, एक अशा ओळींत दहा मणी, रंग एकच, गडद तपकिरी. मणी पुरते गोल नाहीत. प्रत्येकाच्या कडेवर आत जाणाऱ्या दोन चिरा आहेत, सुकलेल्या बेदाण्याला सुरकुती पडते तशा. घडाचा देठ म्हणजे गटाच्या नावातल्या पहिल्या अक्षराचा काना. तो शिरोरेषेतून निघतो आणि थेट घडात उतरतो, त्यामुळे नाव काढून घेतलं तर घडाला देठच उरत नाही. सगळं सपाट आणि एकरंगी ठेवण्याचं कारण साधं होतं. गटाची खोकी रबरी शिक्क्याने छापली जातात, आणि छाया दिलेलं चित्र शिक्क्यात उतरत नाही.

गोल, घड आणि उजवीकडचं पान एवढ्या तीन गोष्टी दोन्हीकडे आहेत. हे मी नाकारत नाही, कधी नाकारलंही नाही. वाद आहे तो या तीन गोष्टींना वजन किती द्यायचं, याचा.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आपण जे चित्र समोर ठेवून निर्णय दिलात त्याबद्दल. ते चित्र तक्रारीसोबत व्हॉट्सॲपवर आलं होतं. त्यात दोन्ही लोगोंची नावं कापलेली होती. दोन्ही काळ्या-पांढऱ्यात केले होते, म्हणजे एकाचा हिरवा आणि दुसऱ्याचा तपकिरी, दोघांचाही करडाच झाला. मापही ताणून सारखं केलं होतं आणि दोन्ही पानांभोवती लाल गोल काढले होते. नाव, रंग आणि माप काढून टाकल्यावर मागे उरतं ते फक्त ‘घड’. अशा रीतीने मांडले तर निफाडपासून दिंडोरीपर्यंतच्या कुठल्याही दोन द्राक्षवाल्यांचे मार्के एकमेकांची चोरी दिसतील. समितीच्या टेबलावर एकही खरा पाउच नव्हता, हे बैठकीला हजर असलेल्या एका सदस्यांनीच मला सांगितलं. हात वर करून मतं घेतली आणि विषय संपला.

दोन मार्के शेजारी शेजारी ठेवून निकाल द्यायचा नाही, ही गोष्ट आपल्या देशात फार पूर्वी ठरलेली आहे. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा खटला आला होता. पार्लेच्या वेष्टनावर शेतावरच्या घराचं चित्र, मधे पाण्याची बादली घेतलेली मुलगी आणि भोवती गाई-कोंबड्या. समोरच्या म्हैसूरच्या कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी, गाई आणि कोंबड्या होत्या, पण तिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा होता. शेजारी ठेवून पाहिलं तर फरक मोजता येत होते. न्यायालयाने म्हटलं, तसे फरक मोजत बसू नका, दोन्हींची मुख्य ठेवण पाहा. एक वेष्टन आधी पाहिलेल्या माणसाला दुसरं दिलं तर तो ते पहिलंच समजून घेईल का, हे विचारा. निकाल पार्लेच्या बाजूने लागला. हे उदाहरण नक्कल करणाऱ्याच्या विरोधात गेलेलं आहे, आणि तरीही मी ते इथे मुद्दाम देते आहे. माझ्या सोयीचेच दाखले मला वेचायचे नाहीत. पद्धत एकच हवी. ती कधी जुन्या मार्क्याला वाचवेल, कधी नव्याला.

त्याच्याही आधी, १९६२ मध्ये, ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांवरून वाद झाला. तिथे न्यायालयाने कोणाच्या डोळ्यांनी पाहायचं ते सांगितलं. साधारण बुद्धीचा, फारशी सावधगिरी न बाळगणारा आणि आधी पाहिलेलं अर्धवट आठवणारा ग्राहक. हातात भिंग घेतलेला डिझायनर त्यात बसत नाही, आणि दहा वर्षं त्याच धंद्यात मुरलेला व्यापारीही बसत नाही. म्हणजे या कामासाठी माझे डोळे चालत नाहीत आणि आपलेही चालत नाहीत. आपण दोघांनी त्या गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन पाहायला हवं.

मग बेदाण्याचं गिऱ्हाईक कसं घेतं? प्रदर्शनात ते ताटलीतले चार दाणे तोंडात टाकतं, आंबट आहे का पाहतं, भाव विचारतं आणि माल देणाऱ्या बाईशी बोलून मग पाव किलो घेतं. रविवार कारंज्याच्या दुकानात ते नावाने मागतं किंवा सुटा घेतं. २००१ च्या कॅडिला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काय काय तपासायचं याची यादीच दिली आहे: मार्के कोणत्या प्रकारचे आहेत, किती जुळतात, माल कोणता, तो घेणारा वर्ग कोणता, तो कसा विकत घेतला जातो. तिथे ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही मलेरियावरची औषधं होती, आणि चुकीचं औषध पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून औषधांना जास्त कडक कसोटी लावावी असं न्यायालयाने म्हटलं. आपण यातलं काहीच विचारलं नाहीत.

काही माल चित्रावरच ओळखला जातो, हे मला माहीत आहे. काडेपेटी, बिडी, तपकीर, दातांची पावडर. अक्षरओळख नसलेल्या माणसाने ‘बंदर छाप’ मागावी आणि त्याला तीच मिळावी, यासाठी तिथे चित्राला सर्वांत जास्त वजन द्यायलाच हवं. तक्रारदारांचा बेदाणा जर लोक ‘घड छाप’ म्हणून मागत असतील, दुकानदार त्याच नावाने पुडा काढून देत असेल, तर त्यांची बाजू भक्कम होते आणि मलाही तिचा विचार करावा लागेल. पण तसं एका तरी दुकानदाराने सांगितलं का? एखाद्या तरी गिऱ्हाइकाने गटाचा पाउच तक्रारदारांचा समजून घेतला का? निर्णयात त्याबद्दल एक ओळ नाही.

दुसरी तक्रार घडाबद्दल. ही मला सर्वांत जास्त लागली आहे.

नाशिकमध्ये द्राक्षाचं चित्र एका माणसाचं कसं असू शकेल? नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ते मानांकन एका व्यापाऱ्याचं नसतं, त्या भागात ते पीक घेणाऱ्या सगळ्यांचं असतं. बागाईतदारांच्या पतसंस्थेपासून औषध फवारणीच्या दुकानापर्यंत, पिंपळगावच्या ट्रकच्या फळीपासून लग्नाच्या हॉलच्या कमानीपर्यंत, इथे घड काढलेला नाही अशी जागा शोधावी लागते. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम १७ हेच सांगतं: नोंदणीने मिळणारा हक्क संपूर्ण मार्क्यावर असतो. त्यातला जो भाग त्या धंद्यात सगळेच वापरतात, तेवढ्या भागावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. १९९४ मध्ये ‘मायक्रोनिक्स’ आणि ‘मायक्रोटेल’ यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ‘मायक्रो’ हा भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात सर्वांचा असल्याचं सांगितलं, मग उरलेला भाग आणि दोन्हींचे लोगो पाहिले, ते वेगळे होते, आणि मनाई उठवली. बेदाण्याच्या धंद्यात घडाचं तेच स्थान आहे.

याचा अर्थ घड काढून टाका आणि उरलेलंच पाहा, असा मी करत नाही. मार्का तुकडे करून पाहायचा नसतो, पूर्णच पाहायचा असतो. फक्त पूर्ण पाहताना कशाला किती वजन द्यायचं हे धंदा ओळखून ठरवायला लागतं. सुला या नाशिकच्या वाइन कंपनीच्या बाटलीवर सूर्य आहे. उद्या नाशिकच्या दुसऱ्या कोणी आपल्या मालावर सूर्य काढला तर ती चोरी नव्हे, सूर्य सर्वांचा आहे. पण त्याने सूर्याला चेहरा दिला आणि मिशी लावली, तर मीच त्याला हटकेन, कारण तो मिशीवाला सूर्य त्यांच्या डोक्यातून आलेला आहे आणि लोक त्यावरूनच ती बाटली ओळखतात. तक्रारदारांच्या लोगोतही असा स्वतःचा भाग आहे: तो वेलीचा तंतू, मण्यांवरचे उजेडाचे ठिपके आणि सोनेरी अक्षरांचं वळण. यातलं काहीही गटाच्या लोगोत नाही. आणि गटाच्या लोगोतल्या सुरकुत्या, दहाची मांडणी आणि काना-देठ यांतलं काहीही तक्रारदारांकडे नाही. जे फक्त एकाचं आहे त्यातली एकही गोष्ट दुसऱ्याकडे गेलेली नाही. उरलं उजवीकडचं पान. घडाला पान डावीकडे किंवा उजवीकडेच असणार.

यात पुढचा धोका आहे. २०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे. प्रसादाचे पेढे, चिवडा, कुंकू, पूजेचं साहित्य विकणारे शेकडो नवे मार्के या शहरात येतील आणि त्यांपैकी निम्म्यांवर कलश, त्रिशूळ, रामकुंडाच्या पायऱ्या किंवा गोदावरीची लाट असेल. आपण या प्रकरणात लावलेला नियम तिथे लावलात तर जो आधी आला त्याचा कलश आणि बाकी सगळे चोर. ज्याच्याकडे वेळ आणि वकील आहे तो तक्रारींवर तक्रारी करील. पंचवटीतल्या एखाद्या म्हाताऱ्या पेढेवाल्याला मात्र आपला कलश आपलाच आहे हे सिद्ध करता करता मेळा निघून जाईल.

तिसरी तक्रार अशी की आपण दोन निरनिराळे प्रश्न एकच समजलात. नक्कल झाली का, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर मागे जाऊन शोधावं लागतं: हे चित्र कुठून आलं, करणाऱ्याने दुसरं पाहिलं होतं का, त्यातलं नेमकं काय उचललं. गिऱ्हाईक गोंधळेल का, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बाजारात शोधावं लागतं. एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं येतंच असं नाही.

अमेरिकेतल्या एनबीसी या मोठ्या टीव्ही कंपनीने १९७६ मध्ये नवा लोगो आणला. दोन तुकड्यांनी बनलेलं इंग्रजी ‘एन’ अक्षर, एक तुकडा लाल, एक निळा. नेब्रास्का राज्यातलं शैक्षणिक टीव्ही केंद्र जवळपास तसंच ‘एन’ आधीपासून वापरत होतं, फक्त सगळं लाल. केंद्राने दावा लावला. कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि एनबीसीने सुमारे ८ लाख डॉलर किमतीची उपकरणं आणि केंद्राच्या नव्या लोगोसाठी ५५ हजार डॉलर दिले. एवढ्या मोठ्या कंपनीने त्या लहान केंद्राचं चित्र चोरलं, असं सिद्ध झालं नाही. एक अक्षर सरळ रेषांत बांधायला घेतलं की दोन हुशार माणसं एकाच जागी पोचू शकतात. तरीही दोघेही टीव्हीच दाखवत असल्याने गोंधळाचा प्रश्न खराच होता. म्हणजे चोरी न करताही मार्का सोडायची वेळ येऊ शकते, आणि तशी आली तरी त्या डिझायनरला चोर म्हणायचं कारण नसतं.

२०१५ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या लोगोवरून याच गोष्टीचा मोठा गदारोळ झाला. बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या नाट्यगृहाचा लोगो करणाऱ्या डिझायनरने नक्कलीचा आरोप केला. जपानी डिझायनरने तो नाकारला. आयोजकांनी त्याचा आधीचा कच्चा आराखडा लोकांपुढे ठेवला, कारण एखादं चित्र कुठून कुठे आलं ते असल्या कागदांवरूनच कळतं. शेवटी त्या डिझायनरच्या इतर कामांवरही आरोप होऊ लागले, लोकांचा विश्वास राहिला नाही आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोगो मागे घेतला गेला. पण तिथे निदान कागद मागितले गेले.

माझे कागद आपण मागितलेच नाहीत. माझ्याकडे गटाच्या लोगोची पेन्सिलची रेखाटनं आहेत, नाकारलेले पर्याय आहेत, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइली तारखांसह आहेत. पहिल्या रेखाटनांत घड नव्हताच, बेदाणा सुकवायच्या शेडमधल्या जाळीच्या मजल्यांचं चित्र होतं. बायकांनी ते पाहून सांगितलं की गिऱ्हाइकाला यात शेड दिसेल, द्राक्ष दिसणार नाही. तेव्हा घड आला. तो सपाट का, तपकिरी का, दहाच मण्यांचा का, याचं एकेक कारण त्या कागदांवर आहे.

खरी नक्कल पकडता येते, आणि ती पकडण्यात मी आपल्या बाजूने उभी राहीन. मी स्वतः ती पकडली आहे. नक्कल करणारा चांगला भाग बदलून टाकतो, पण चुका तशाच उचलतो. मूळ रेषेत एक बिंदू चुकून जास्त पडलेला असतो आणि वळण किंचित मोडलेलं असतं, ते मोडलेलं वळण नकलेत तसंच्या तसं सापडतं. दोन अक्षरांमधली विचित्र फट सापडते. घडातला एक मणी शेजारच्यापेक्षा लहान राहिलेला असतो, तो नकलेतही त्याच जागी लहान असतो. म्हणून एक आकृती दुसरीवर ठेवून कडा जुळवून पाहतात, मण्यांची संख्या आणि जागा पाहतात, रेघेची जाडी पाहतात, अक्षरांची वळणं पाहतात. जिथे दहा वाटा मोकळ्या होत्या तिथे दोघांनी तीच अवघड वाट निवडली का, हे पाहतात. याशिवाय तिसरी शक्यता तपासावी लागते: दोघांनीही एकाच तयार चित्रसंग्रहातून तेच चित्र उचललं का? नाशिकमध्ये हे सर्रास होतं. मग लोगो हुबेहूब सारखे असतात, कोणी कोणाची नक्कल केलेली नसते आणि त्या चित्रावर एकट्याचा हक्क दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही.

नाटक आणि चित्रपटाच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केलं की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो, आणि एकच कल्पना दोघांनी घेतली तर काही साम्य येणारच. ‘बेदाण्याच्या पाउचवर द्राक्षाचा घड’ ही कल्पना आहे. ती तक्रारदारांनी प्रथम काढलेली नाही, मीही काढलेली नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. तक्रारदारांच्या लोगोशेजारी ‘टीएम’ अशी अक्षरं आहेत म्हणून तो ‘रजिस्टर’ आहे असं आपण निर्णयात लिहिलंत. ‘टीएम’ म्हणजे फक्त दावा, तो कोणीही लिहू शकतो. नोंदणी झाल्यावरच गोलातला ‘आर’ लावता येतो. ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर कोणीही फुकट शोध घेऊ शकतं. निर्णय लिहिण्याआधी तेवढं पाहिलं असतं तर ती ओळ लिहावी लागली नसती. गटाने स्वतःच्या मार्क्याचा अर्ज केलेला आहे. तो ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की तक्रारदारांना विरोध नोंदवायला चार महिने मिळतात, ऑनलाइन फी २,७०० रुपये आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंना पुरावा मांडावा लागतो. कोर्टाचा रस्ताही त्यांना मोकळा आहे. ट्रेडमार्क कायद्याचं कलम १४२ उगाच कारवाईच्या धमक्या दिल्या गेलेल्या माणसालाही कोर्टात दाद मागू देतं. हे मी इशारा म्हणून लिहीत नाही. आपल्या कागदावरचं शेवटचं वाक्य, ‘मार्का बंद न केल्यास पुढील कारवाई होईल’, कोणाच्या अधिकारात लिहिलं गेलं हे मात्र आपण स्वतःला विचारायला हवं.

आणि पाचवी. गटाला बोलावलंच गेलं नाही. तक्रारीची प्रत दिली नाही, उत्तराला मुदत दिली नाही. प्रदर्शनासाठी माल भरून झालेला असताना स्टॉल रद्द झाल्याचा निरोप गेला. या बायका हंगामात पहाटेपासून शेडवर असतात, द्राक्षं बुडवून जाळ्यांवर पसरतात, दोन-अडीच आठवडे राखतात, मग प्रतवारी करतात. वर्षभराच्या विक्रीतला मोठा वाटा त्यांना अशा प्रदर्शनातून मिळतो. पाउचच्या छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो. लोगो बदला म्हणजे ते सिलिंडर आणि छापून ठेवलेला सगळा रोल वाया. गटाच्या अध्यक्ष ताई मला म्हणाल्या, “पैशाचं बघू, पण गावात आता आम्हाला चोर म्हणतात.” त्यांच्यातल्या कोणीही तो लोगो काढलेला नव्हता. काढला मी. शेरा मात्र त्यांच्या नावापुढे लागला.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

‘नक्कल’ हा शब्द समितीने लेखी मागे घ्यावा आणि तो कागद ज्या ग्रुपवर टाकला होता त्याच ग्रुपवर टाकावा. स्टॉलची भरलेली रक्कम गटाला परत द्यावी आणि पुढच्या प्रदर्शनात जागा द्यावी. हे पुढच्या स्टॉल वाटपाच्या आधी व्हावं.

पुढे अशी तक्रार आली तर समितीने तिची प्रत समोरच्याला द्यावी, उत्तराला पुरेशी मुदत द्यावी आणि दोघांना समोर बसवून ऐकावं. टेबलावर मोबाईलमधलं कापलेलं चित्र चालणार नाही, बाजारात विकला जाणारा खरा पाउच किंवा खोका हवा. नकलेचा आरोप असेल तर दोन्ही डिझायनरांच्या मूळ फाइली मागवाव्यात. गोंधळाचा आरोप असेल तर दुकानदार आणि गिऱ्हाइकांना विचारावं. निर्णयात कोणता आरोप तपासला आणि कशावरून ठरवलं, हे लिहावं. एक तरी माणूस छपाई किंवा डिझाइनच्या धंद्यातला असावा, आणि ज्याचा तक्रारदाराशी व्यवहार आहे असा सदस्य त्या बैठकीत नसावा.

मार्का बंद करा, बदला, असा आदेश संघटनेने देऊ नये. तो अधिकार कोर्टाचा आहे. संघटनेला वाद मिटवायचाच असेल तर तडजोड सुचवावी. उदाहरणार्थ, पानाची बाजू बदलणं किंवा नाव आणखी मोठं करणं, अशा गोष्टींवर बोलायला गट तयार आहे आणि नव्या छपाईच्या वेळी मी ते काम विनामूल्य करून देईन. चोरीची कबुली म्हणून मात्र यातलं काहीही होणार नाही.

द्राक्ष, कलश, सूर्य, त्रिशूळ, गोदावरी, कांदा, पैठणीचा मोर या चित्रांवर कोणाही एका सभासदाचा हक्क संघटना मानणार नाही, असं नियमावलीत लिहावं. सिंहस्थाच्या आधी ते लिहिलं गेलं तर बरेच वाद सुरूच होणार नाहीत.

माझी रेखाटनं, नाकारलेले पर्याय आणि तारखांसह मूळ फाइली घेऊन मी समितीपुढे बसायला तयार आहे. सोबत गटाचा पाउच आणि शिक्का मारलेला खोका आणेन. तक्रारदारांनीही त्यांचा खरा पाउच आणि त्यांच्या लोगोची मूळ फाइल आणावी. दिवस आणि वेळ आपण कळवावी, गटाच्या ताईही येतील.

आपली,
बचत गटाच्या लोगोची डिझायनर
नाशिक